स्टेअरिंग व्हील, उद्यमनगरचा स्टँड आणि आप्पांचा हात : प्रकल्प नोंदी

१ जून, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय. मागं पीसी जोडला तेव्हा कुठला पार्ट का घेतला ते सहा महिन्यांनी मलाच आठवत नव्हतं, परत तसं नको.

असेटो कोर्सा हा गाड्यांच्या रेसचा गेम दीड वर्ष झालं कंट्रोलरवर खेळतोय. गाडी चालते, लॅप पण बरे बसतात, पण हातात काहीच येत नाही. अंगठा जेमतेम काही मिलिमीटर हलतो आणि तेवढ्यात पूर्ण स्टेअरिंग वळलेलं असतं, मग गेम आपल्या वतीनं ते मऊ करून घेतं, म्हणजे गाडी अर्धी मी चालवतोय अर्धी गेम. आपल्या कोल्हापुरातनं ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक असे रेसर झाले, मोहितेंच्या ट्रॅकवर एकदा कार्ट चालवली होती तेव्हा दुसऱ्या लॅपलाच खांदे भरून आलेले, स्टेअरिंग सारखं हातातनं ओढून घ्यायचं. तेच पाहिजे घरात. तेच मिळत नाहीये.

बजेट २५ हजार, सगळं धरून, स्टँड पण त्यातच. घरी अजून सांगितलेलं नाही.

बाजारात गेमच्या स्टेअरिंग व्हीलच्या तीन जाती आहेत. पहिली गिअरवाली, लॉजिटेक जी२९, जी९२० आणि जी९२३ ह्यातली. आत छोट्या मोटर आणि हेलिकल गिअर, ताकद दोन-सव्वादोन एनएम (न्यूटन-मीटर, म्हणजे फिरवायचा जोर). दुसरी बेल्टवाली, थ्रस्टमास्टर टी३०० वगैरे, पावणेचार-चार एनएम, आवाज कमी आणि फिरायला मऊ. तिसरी डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे व्हील सरळ मोटरच्या शाफ्टवरच बसवलेलं, मधे काही नाही. मोझा आर५ साडेपाच एनएम, फॅनाटेक सीएसएल डीडी पाच, मोठा अडॅप्टर लावला की आठ. मी दिवसभर शिरोलीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर असतो, त्यामुळं हे तिसरं लगेच डोक्यात बसलं, आमच्या मशीनच्या अ‍ॅक्सिसला जी सर्व्हो मोटर असते त्याच घराण्यातलं हे. सुरुवातीला लोकांनी घरी डायरेक्ट ड्राइव्ह बनवली ती इंडस्ट्रियल सर्व्हो मोटर घेऊनच.

८ जून, रविवार

इचलकरंजीला मित्राकडं गेलो, त्याच्याकडं आर५ आहे. तीन तास बसलो, जेवायला पण उशिरा उठलो.

एनएम एनएम सगळे म्हणतात पण हाताला किती लागतं ते कुणी सांगत नाही, म्हणून बॅग मोजायचा हुकवाला काटा घेऊन गेलेलो. रिमला दोरी बांधली, मित्रानं गाडी एका लांब वळणावर धरली आणि मी काट्यानं ओढून बघितलं, जास्तीत जास्त पावणेचार किलो आलं. हिशोबानं पण तेवढंच येतं, २८ सेंटीमीटरचं रिम म्हणजे १४ सेंटीमीटरचा हात, साडेपाच एनएम भागिले ०.१४ केलं की ३९ न्यूटन, म्हणजे चार किलो. गिअरवाल्याला ह्याच हिशोबानं दीड-पावणेदोन किलो येणार. म्हणजे फरक दुपटीच्या वर आहे.

पण ताकदीपेक्षा मला दुसरंच जास्त आवडलं. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या दातेरी पट्टीवर चाक गेलं की प्रत्येक दात वेगळा कळतो. घासलेल्या सुरीनं कांदा कापताना कसं पापुद्रा न पापुद्रा कळतो तसं. अंगठे मात्र आत अडकवून धरायचे नाहीत, गाडी भिंतीला लागली की व्हील झटकन फिरतं आणि अंगठा मुरगळतो, मित्राचा एकदा झालाय.

बंडलची किंमत माझ्या बजेटच्या दुप्पट. येताना बसमधे बराच विचार केला. कर्ज काढून खेळ घ्यायचा नाही हे ठरलं, गिअरवालं सेकंड हँड बघायचं.

१५ जून, रविवार

घेतलं. सांगलीतनं, १४ हजारांना, व्हील आणि तीन पेडल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे काय निघेल ते मागच्या मालकानं कसं वापरलंय त्याचं असणार.

घेताना जे तपासलं ते लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. प्लग लावल्यावर व्हील स्वतःहून दोन्हीकडं पूर्ण फिरून मधे येतं, ते येताना कुठं अडखळतं का बघायचं. मग प्लग काढून हातानं टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, ९०० अंश म्हणजे अडीच फेरे, कुठं दाणा लागल्यासारखं वाटलं तर गिअरचा दात गेलाय. नंतर लॅपटॉपला लावून विंडोजच्या गेम कंट्रोलर पानावर पेडल हळूहळू दाबायचं, पट्टी सरळ चढली पाहिजे, उड्या मारायला नको. ब्रेकची पट्टी मला जराशी थरथरताना दिसली, विकणारा म्हणाला धूळ असेल, मी पाचशे कमी केले आणि घेतलं. ते तेव्हाच नीट बघायला पाहिजे होतं. अडॅप्टर ओरिजनल आहे का ते पण बघा.

१७ जून, मंगळवार

सेकंड शिफ्ट. रात्री बारानंतर टेबलाला क्लॅम्प लावून तीन लॅप. गिअरचा खडखडाट पलीकडच्या खोलीत ऐकू गेला, आईनं विचारलं मिक्सर चालू आहे का. हेडफोन लावून मला कळतच नव्हतं.

२२ जून, रविवार

व्हील मधोमध असताना थोडं सैल आहे. हे आमच्या धंद्यातलं दुखणं, बॅकलॅश. कंपनीतनं माझा डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं सुईचं घड्याळ आणलं होतं, मॅग्नेटिक स्टँड शेजारच्या लोखंडी कपाटाला चिकटवला आणि रिमवर सुई टेकवून हलवून बघितलं, दोन मिलिमीटरला थोडं कमी आलं. म्हणजे पाऊण अंशाच्या आसपास. गिअर म्हटल्यावर एवढं असणारच, दातात फट ठेवली नाही तर गिअर फिरणारच नाही.

पण खरा त्रास त्या फटीचा नाही. छोटा फोर्स आला की मोटर गिअरचं घर्षणच ओलांडू शकत नाही, त्यामुळं सरळ रस्त्यावर व्हील मेल्यासारखं पडून राहतं. गेममधे मिनिमम फोर्स नावाचं सेटिंग आहे ते ह्याच्यासाठी, कितीही छोटा फोर्स असला तरी तेवढ्यापासनंच सुरू कर. मशीनवर आपण बॅकलॅश कॉम्पेन्सेशनचा पॅरामीटर टाकतो, ह्याची जात तीच. जास्त टाकलं तर व्हील मधे डावं-उजवं डावं-उजवं करत नाचतं, शून्यापासनं एक-एक वाढवत नाचायला लागलं की दोन कमी केलं, माझं १४ वर बसलं. ह्याच्या पुढची पायरी म्हणजे लुक-अप टेबल, व्हील चेक नावाचा छोटा प्रोग्रॅम मोटरला थोडा-थोडा फोर्स देऊन व्हील किती हललं ते मोजतो, त्या आकड्यांवरनं टेबल बनतं आणि असेटो कोर्सा ते वाचतं. टेबल वापरलं की मिनिमम फोर्स शून्य ठेवायचा, दोन्ही एकदम नाही. करून बघितलं, टेबलच चांगलं वाटलं, तेच ठेवलं.

गेन, म्हणजे गेम व्हीलला किती जोर पाठवतो त्याचं सेटिंग, १०० वर ठेवलाय. इचलकरंजीचं वजन हातात बसलंय, त्याच्यापेक्षा हे हलकं लागतं, मग निदान आहे तेवढं तरी पूर्ण मिळू दे.

२९ जून, रविवार

टेबल हलतंय. प्लायचं टेबल आहे, कर्बवर गेलं की मॉनिटरसकट सगळं थरथरतं, आणि ब्रेक दाबला की पेडल सरकत भिंतीपर्यंत जातं, मागं मी खुर्चीसकट.

उद्यमनगरात वडिलांच्या ओळखीचे मिस्त्री आहेत. कागदावर काढून नेलं. ४० बाय ४० चा दोन एमएम चौकोनी पाईप, मीटरला साधारण २.४ किलो, वीस फुटी एका पाईपात सगळं बसवलं. मिस्त्रींनी कागद उलटा-सुलटा करून बघितला, जिमचं मशीन हाय का म्हणाले. मग मी खुर्चीवर बसून हात-पाय हवेत धरून दाखवलं तेव्हा त्यांना एकदम कळलं आणि त्यानंतर माझ्यापेक्षा जास्त त्यांनीच डोकं लावलं. माझ्या ड्रॉइंगमधे व्हीलची प्लेट दोनच खांबांवर होती, ते म्हणाले ही डुलणार, आणि कोपऱ्यात तिरक्या पट्ट्या टाकल्या. पेडलची प्लेट मी आडवी ठेवलेली, त्यांनी तिला लांबट भोकं पाडून दिली म्हणजे कोन कमी-जास्त करता येईल. प्लेट वेल्ड करताना आधी चार कोपऱ्यांना तिरके टाके मारले, एका बाजूनं सलग ओढलं असतं तर प्लेट तापून वाकली असती. एम६ ची भोकं मात्र मी स्वतः मार्क केली, दोन सूत इकडं-तिकडं झालं तर व्हील तिरकं बसणार.

सीट भंगारातनं ओम्नीची, सातशे रुपये. स्टँड, रंग आणि मिस्त्रींची मजुरी मिळून ३,८००.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. सकाळी रेड ऑक्साईडवर काळा रंग दिला होता तो दुपारपर्यंत वाळला नाही, पावसाळी हवा, पंखा लावून वाळवला. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन सगळं जोडलं. काय फरक पडलाय! तेच व्हील, तीच सेटिंग, पण टेबल जे गिळत होतं ते आता हातात येतंय. मॉनिटर पण जवळ आला, डोळ्यापासनं ५५ सेंटीमीटर, २४ इंची स्क्रीनला त्या अंतरावर उभा कोन ३० अंश येतो, गेममधला बघण्याचा कोन पण तेवढाच ठेवला. आधी ५० ठेवलेला, त्यामुळं वळणं लांब दिसायची आणि मी सगळीकडं उशिरा ब्रेक मारायचो.

आणि आज आप्पांना बसवलं. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीच वर्षं गगनबावड्यावरनं खाली कोकणात. घरी व्हील आल्यापासनं लांबनंच बघत होते, मी म्हटलं आप्पा बसा की जरा. गेममधली माझदा एमएक्स-५ गाडी दिली, मोंझा ट्रॅक. पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलट-सुलट वळणाला, सरळ ट्रॅकबाहेर गेले, दुसऱ्या लॅपला पण गेले. मग थांबले, व्हील दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं थोडं हलवलं आणि म्हणाले, "आरं, ह्ये सारखंच जड लागालंय की. गाडी घसराय लागली तर पुढनं हलकं पडाय पायजे. ह्ये काय सांगतच न्हाई."

मी म्हटलं आप्पा, व्हील कमी ताकदीचं आहे, महागडं असतं तर कळलं असतं. ते म्हणाले, "ताकदीचा काय संबंध? पावसात करूळ घाट उतरताना बोटानं धरल्यागत धरायचं, तवा कळतंय." आणि उठून टीव्ही बघायला गेले.

रात्रभर ते डोक्यात होतं.

९ जुलै, बुधवार

सापडलं. गेममधे पेडल्स नावाचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात क्लच-ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारी फोर्स फीडबॅकची, म्हणजे व्हीलला जाणाऱ्या जोराची एक पट्टी असते. राखाडी असते, वरच्या टोकाला गेली की लाल होते. मोंझाच्या परबोलिका ह्या लांब वळणात ती आत शिरल्यापासनं बाहेर पडेपर्यंत लालच होती. लेस्मोच्या वळणांना पण लाल.

ह्याला क्लिपिंग म्हणतात. गेम फोर्सचा हिशोब करतो, समजा तो आला १३०, पण व्हीलला पाठवता येतो जास्तीत जास्त १००. मग १३० पण १००, ११५ पण १००, १०५ पण १००. टायर घसरायला लागला आणि फोर्स १३० वरनं १०५ वर उतरला तरी माझ्या हाताला १०० चा १०० च.

आणि नेमका तो उतारच महत्त्वाचा. गाडी वळताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पिळला जातो आणि पकडीचा जोर त्या भागाच्या मध्याच्या थोडा मागं पडतो, त्या अंतरामुळं चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं, स्टेअरिंगला जे वजन येतं त्यातलं बरंच ह्यातनं. पण टायर त्याच्या शेवटच्या पकडीजवळ आला की मागचा भाग आधी घसरायला लागतो, ते अंतर कमी होत जातं आणि स्टेअरिंग हलकं पडतं. गंमत म्हणजे पकड पूर्ण संपायच्या आधीच हलकं पडतं. म्हणजे ड्रायव्हरला आधी निरोप मिळतो. आप्पा जे म्हणत होते ते शब्दशः हेच, आणि मी गेन १०० वर ठेवून तो निरोपच कापून टाकला होता.

गेन १०० वरनं ६८ वर आणला, आता पट्टी फक्त कर्बवर क्षणभर लाल होते. प्रत्येक गाडीला वेगळं लागतं, नमपॅडच्या प्लस-मायनसनं चालवता-चालवता बदलता येतं. व्हील हलकं झालं, पहिले दहा मिनिट खेळण्यातलं वाटलं, आणि मग लेस्मोच्या दुसऱ्या वळणात पहिल्यांदा पुढची चाकं सुटताना हाताला कळली. डोळ्याला दिसायच्या आधी. मी एकटाच खोलीत मोठ्यानं ओरडलो.

ज्यांच्याकडं छोटं व्हील आहे त्यांनी कृपा करून ही पट्टी एकदा तरी बघा. कमी ताकदीच्या व्हीलवर गेन चढवायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि नुकसान तिथंच सगळ्यात जास्त होतं.

१३ जुलै, रविवार

ब्रेक गेला. थरथर वाढत-वाढत आता सरळ रस्त्यावर आपोआप दहा-वीस टक्के ब्रेक लागतोय. पेडल उघडलं, आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं फिरतं, कार्बनच्या पट्टीवर पत्र्याचं बोट घासत जातं. काळी भुकटी साचलेली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून शंभर-एक वेळा फिरवलं, सुधारलं, पण किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

मग विचार केला की हा ब्रेक मुळातच चुकीचं मोजतो. पेडल किती अंतर गेलं ते मोजतो. खऱ्या गाडीत ब्रेक पेडल थोडंच जातं, पुढं नुसता दाब वाढतो, आणि पायाला अंतर लक्षात राहत नाही, जोर राहतो. लोड सेल जोर मोजतो. तयार लोड सेल पेडल माझ्या बजेटमधे बसत नाही. पण कोल्हापुरात गुळाच्या बाजारामुळं वजनकाटे आणि काटे दुरुस्त करणारे कमी नाहीत, आणि काट्यात असतो तो लोड सेलच.

२० जुलै, रविवार

लक्ष्मीपुरीतनं जुन्या काट्यातला एस आकाराचा १०० किलोचा लोड सेल, ९०० रुपये. सोबत लोड सेलचं माप वाचणारं एचएक्स७११ चं छोटं बोर्ड आणि आर्डुइनो प्रो मायक्रो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, हा मुद्दाम कारण ह्याच्यातली चिप पीसीला स्वतः जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकते, आर्डुइनोच्याच उनो बोर्डला ते सरळ जमत नाही. पेडलच्या मागं जिथं स्प्रिंग होती तिथं दांडा, दांड्यावर दोन रबर बुश, त्याच्यामागं लोड सेल. बुश स्कूटरच्या पार्टच्या दुकानातले. एक मऊ एक कडक ठेवला, सुरुवातीला थोडं जातं मग दगड होतं, गाडीसारखं.

चाललं, पण चुकीचं चाललं. ब्रेक दाबतो, गाडी थोडी पुढं जाऊन मग ब्रेक घेते. सोडला की सोडल्यावर पण चाक लॉकच. रात्री दीडपर्यंत कोड बघितला, कोडमधे काही नाही.

२३ जुलै, बुधवार

एचएक्स७११ मूळ वजनकाट्यासाठी बनलेली चिप आहे, बोर्डवर तिची १५ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि तेव्हा ती सेकंदाला फक्त १० वेळा वाचते. गुळाची ढेप मोजायला भरपूर. पण १८० च्या वेगात गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे दोन रीडिंगच्या मधे ५ मीटर. ती पिन सुईच्या टोकानं हळूच उचलली, भिंग लावून, हात थरथरू नये म्हणून मनगट टेबलाला टेकवून, आणि केसाएवढ्या वायरनं पुरवठ्याच्या पिनला जोडली. आता ८० वेळा वाचते, ५ मीटरचे साठ-पासष्ट सेंटीमीटर झाले.

४० किलोला शंभर टक्के ठेवलंय. सीट मागं सरकत होती, तिला पेडलच्या फ्रेमलाच दोन पट्ट्यांनी बांधली. चप्पल घालून पेडल कळत नाही, अनवाणीच.

त्यानंतर मोंझाला वीस लॅप मारले. सगळ्यात चांगला लॅप आधीपेक्षा फक्त चार दशांश कमी, पण वीसमधले सोळा लॅप एका सेकंदाच्या आत. आधी चार पण बसायचे नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार

इचलकरंजीचा मित्र आला होता, त्यानं ब्रेकचा फोटो काढून नेला, त्याला स्वतःच्या पेडलला बनवून पाहिजे. त्याचं व्हील माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी आजही म्हणतो, बारीक-सारीक जे कळतं त्याला तोड नाही आणि पैसे साठले की मी घेणार. पण आत्ता लगेच पाहिजेच असं राहिलं नाही. एकूण खर्च २१ हजारांच्या आत बसला.

मित्र गेल्यावर आप्पांना परत बसा म्हटलं. ह्या वेळी ते आधी सीटवर नीट सावरून बसले, मग व्हील हलकं धरलं, घड्याळातल्या दहा-दोनवर नाही, जरा खालीच, एसटीची सवय. पहिल्या शिकेनला वेळेत थांबले. लेस्मोला जास्त वेगात आत आले, मी मागं उभा होतो, आता बाहेर जाणार म्हणून मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला, व्हील जराच सरळ केलं आणि गाडी कर्बला घासून बाहेर आली.

मी विचारलं, कसं काय कळलं? म्हणाले, "पडलं की हलकं."

पुढचे चार लॅप त्यांनी उठायचं नाव घेतलं नाही. पुढच्या रविवारी त्यांना पाऊस लावून पाहिजे आहे, त्यासाठी गेमला मॉड, म्हणजे बाहेरचा जोड-प्रोग्रॅम टाकावा लागेल. आणि ओम्नीच्या सीटला खाली रेल बसवायची आहे, त्यांचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत.